मानएन सालची शिमो

माझी थोरली जाऊ शिमो हिच्याबद्दल आमच्या मिझुकुबो गावात दोनच मतं होती. एक, की बाई हट्टी आहे. दुसरं, की बाई फारच हट्टी आहे. मी तिच्याबरोबर एका चुलीवर सगळा संसार केला, त्यामुळे मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूची.

हाडापेराने ती मोठी होती. मनगटं पुरुषासारखी, आणि आवाज असा की माग चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. घरात दोन माग, एक तिचा, एक माझा. आम्ही अस्तराचं रेशीम विणायचो. तिचा माग दाराशी उजेडात होता, आणि धोटा टाकून मान वर केली की समोर फुजीचा डोंगर. आम्ही त्याला नुसतं डोंगर म्हणायचो. उन्हाळ्यात पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू एदो शहराकडून यायचे आणि आमच्या दारावरून वर जायचे. बायकांनी त्यांना पाणी द्यायचं, गवती चपला विणून द्यायच्या, भोपळा घालून रुंद शेवया उकडून वाढायच्या. वर जायचं ते पुरुषांनी. बायकांसाठी खालच्या झाडीतच एक जागा ठरलेली होती. तिथे आडवी दोरी बांधलेली असायची. दोरीच्या अलीकडून हात जोडायचे आणि घरी येऊन भांडी घासायची.

"मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या सासऱ्यांचं तोंडही मला असंच लांबून बघायला मिळायचं," शिमो म्हणायची. "पण ते निदान वर्षभरात बोलायला तरी लागले."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी वसंतात गावचे कारभारी सेइएमोन यांनी सगळ्यांना देवळापुढे जमवलं. दरबाराने सालांना नवं नाव दिलंय, आन्सेई संपलं, आता मानएन सुरू झालं, असं त्यांनी वाचून दाखवलं. आन्सेई गेल्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही. त्या सालांत भूकंप झाले. उलट्या-जुलाबाची साथ आली, तिच्यात शिमोची नुकती चालायला लागलेली मुलगी गेली. एदोचा किल्ला जळला. आणि थोड्याच दिवसांपूर्वी सरकारच्या सगळ्यांत मोठ्या माणसाला किल्ल्याच्या दरवाज्यासमोर, पडत्या बर्फात, भर रस्त्यात कापून काढलं होतं. असं नाव कोण जपून ठेवेल?

कारभाऱ्यांना अक्षरांचा अर्थ सांगायची हौस होती. "मान म्हणजे दहा हजार," ते म्हणाले. "एन म्हणजे लांबत जाणं. म्हणजे दहा हजार वर्षं चालत राहो, असं हे नाव आहे."

मागून शिमोचा आवाज आला, "कारभारी, आणि आन्सेईचा अर्थ काय होता हो?"

सेइएमोन जरा घुटमळले. "शांततेचा कारभार."

"मग ठीक आहे," शिमो म्हणाली. बायका बाही तोंडाला लावून हसल्या, पुरुषांनी खोकल्यासारखं केलं, आणि कारभाऱ्यांनी कागदाची घडी घातली.

आमच्याकडे प्रत्येक वर्ष एकेका जनावराचं असतं, आणि ते वर्ष माकडाचं होतं. माकडाची वर्षं बारा वर्षांनी येतात, पण डोंगराला मानाचं असलेलं माकडाचं वर्ष साठ वर्षांतून एकदाच. माणसाच्या आयुष्यात ते एकदाच येतं, नशिबात असलं तर. त्या निमित्ताने डोंगराच्या पुजाऱ्यांनी जाहीर केलं की यंदा बायकांनाही वर सोडणार. शिखरावर नाही. वाटेच्या दहा टप्प्यांपैकी आठव्या टप्प्यापर्यंत.

त्या दिवशी जेवताना शिमोने सगळ्यांना वाढून झाल्यावर सांगून टाकलं. "मी जाणार आहे. नुईलाही नेणार आहे."

नुई म्हणजे मी. माझ्या घशात जवाचा घास अडकला, कारण मला ती काहीच बोलली नव्हती.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "डोंगर रागावेल."

"पुजाऱ्यांनीच सांगितलंय, सासूबाई."

"पुजाऱ्यांना गर्दी वाढायला हवी असते."

"मग मी दोन वाढवते."

माझा नवरा तोकुजी म्हणाला, "लोक काय म्हणतील, वहिनी?"

"ते म्हणतीलच. मी घरी बसले तरी काहीतरी म्हणतातच ना?"

सगळे शिमोच्या नवऱ्याकडे बघायला लागले. काकुझो भावोजी हळू बोलणारे. त्यांनी शेवया संपवल्या, रस्सा प्यायला आणि म्हणाले, "चपला जास्तीच्या घे. वरचा दगड चपला खातो."

अशा रीतीने मी डोंगर चढले. माझी इच्छा होती की नाही, हे आजपर्यंत मला कोणी विचारलेलं नाही.

सहाव्या महिन्यात गावच्या जथ्याबरोबर आम्ही निघालो. पुढे कारभारी सेइएमोन, मग काकुझो भावोजी आणि बाकीचे पुरुष, तोकुजी मात्र रुसून घरीच, आणि सगळ्यांच्या मागे शिमो आणि मी, पांढऱ्या कपड्यांत, हातात काठ्या. गावातल्या आणखी चार-पाच जणी येणार होत्या, पण आयत्या वेळी कोणाचं पोट दुखलं, कोणाची सासू आजारी पडली. झाडीतली ती जागा आली. दोरी सोडून एका झाडाला गुंडाळून ठेवली होती. शिमो थांबली. मला वाटलं हात जोडेल. तिने दोरी बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "बघ, एवढीशीच होती. आपल्या मागाची दोरी याहून जाड असते." आणि ती पुढे चालायला लागली.

झाडी संपली की काळी-तांबडी राखेची चढण. एक पाऊल टाकावं तर अर्धं मागे घसरावं. पुरुष म्हणत होते, डोळे, कान, नाक, जीभ, अंग, मन, सगळं शुद्ध होवो. मी म्हणत होते, श्वास येवो. एदोचा एक पोट सुटलेला यात्रेकरू आमच्या बरोबरीला आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय हो बाई, अंग शुद्ध आहे ना तुमचं? नाहीतर आम्हा सगळ्यांची यात्रा फुकट जायची."

शिमोने मान वळवली नाही. "घरी गेलात की तुमच्या आईला विचारा, तुम्ही कुठल्या अशुद्ध वाटेने आलात ते," ती म्हणाली. "मग त्या वाटेला परवानगी होती का, तेही विचारा."

पुढच्या टप्प्यापर्यंत तो माणूस आमच्या आसपास दिसला नाही.

आठव्या टप्प्यावर दगड रचून केलेली एक बुटकी झोपडी होती. तिचा राखणदार गेन्पाची, वाऱ्याने कातडं झालेला म्हातारा. रात्री आम्ही दोघी एका कोपऱ्यात पडलो. पहाटे पुरुष वर गेले, आणि गेन्पाचीने आम्हाला झोपडीपुढे उभं करून सूर्य दाखवला. खाली ढगांचं पांढरं रान पसरलेलं, त्यातून तो लाल गोळा वर आला. मी रडले. शिमोने तो गोळा ढगांवर पूर्ण येईपर्यंत बघितला. मग तिने चपलांच्या दोऱ्या आवळल्या.

"आता बायकांनी उतरायचं," गेन्पाची म्हणाला.

"आठवा टप्पा संपला का?"

"हा काय, ही झोपडी म्हणजे आठवा."

"आणि ती वर दिसतेय ती झोपडी?"

"ती वरची आठवी."

"म्हणजे तीही आठवीच." शिमो काठी टेकत निघाली. "परवानगी आठव्यापर्यंत आहे. अजून आठवा चालूच आहे."

"अहो बाई! हे असं नाही चालत!"

"चालतंय की. बघा ना, मी चालतेय."

तिने माझं मनगट धरलं होतं. त्या पकडीतून रेशमाचा ताणा सुटत नाही, मी कुठली सुटते? वरच्या झोपडीत कोणी उठलेलं नव्हतं. ती झोपडी मागे पडली, आणि वाट सरळ वरच जात होती. खालून गेन्पाची ओरडत होता, "संपला! आठवा संपला! परत फिरा!"

शिमो थांबली, मागे वळली आणि तोंडाला दोन्ही हात लावून तिने असा आवाज दिला की वरचे कावळे उडाले. "रेघ मारून ठेवायची होती!"

शिखरावर काय आहे, असं मला पुढे कितीतरी बायकांनी विचारलं. दगड आहेत. मोठं खोल विवर आहे, त्यात उन्हाळ्यातही बर्फ. आणि वारा, जो कपड्यांच्या आतून जातो. पण तिथे उभं राहिल्यावर आमचं गाव कुठेतरी ढगांखाली, पायांपेक्षा खाली आहे, हे कळतं. जन्मभर मान वर करून पाहिलेली गोष्ट आता पायाखाली होती. मी एका दगडावर बसून घेतलं. शिमो विवराच्या काठाशी गेली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "नुई, इथे कोणीच रागावलेलं नाही."

आमच्या जथ्यातले पुरुष तिथेच होते. कारभारी सेइएमोन यांनी आम्हाला पाहिलं. माझी आणि त्यांची नजर भिडली, मग त्यांनी सावकाश पाठ फिरवली आणि दूरच्या ढगांकडे बघायला लागले. पाहिलं नाही म्हणजे घडलं नाही, असा त्यांचा हिशोब असावा. काकुझो भावोजी मात्र चालत आले. बायकोकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आलीस?"

"आले."

"डोक्याचा रुमाल घट्ट बांध. उडून जाईल." आणि त्यांनी आपल्या शिदोरीतला भाताचा गोळा तोडून आम्हा दोघींना दिला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आम्ही उतरलो आणि पाऊस लागला. सातवा महिना गेला तरी थंडी हटेना. कुट्टूचं पीक फुलातच काळं पडलं, तुतीची पानं डागाळली आणि किड्यांनी कोष धरले नाहीत. खालच्या खोऱ्यातल्या गावांनी ओरड सुरू केली की बायका डोंगरावर गेल्या म्हणून आभाळ बिघडलं. आमच्या गावाला तर ओरड करायला नावही तयार होतं. शिमो म्हणजे दहिवर, गोठलेलं दव. जिथे दहिवर पडतं तिथे पीक जळतं.

ओढ्यावर धुणं धुताना बायका आमच्यापासून सरकून बसायच्या. एक दिवस तेलवाल्याची बायको म्हणाली, "आईबापांनी नाव ठेवतानाच ओळखलं होतं म्हणायचं. दहिवर पडलं आणि आमची शेतं गेली."

शिमो कपडा पिळत होती. "तुमचं नाव काय हो?"

"माझं? त्सुरू."

"त्सुरू म्हणजे सारस. मग उडून दाखवा."

हसू कोणालाच आवरलं नाही, त्सुरूलाही नाही. पण घरी जाऊन तीच बाई पुन्हा आमच्या नावाने बोटं मोडत होती. भुकेचं वर्ष आलं की हसू फार वेळ टिकत नाही. माझा नवरा तोकुजी तर माझ्याशी बोलेनासा झाला. ताटात वाढलं की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

शेवटी देवळात बैठक बसली. शिमोला बोलावलं. मीही तिच्या मागे जाऊन बसले. सेइएमोन समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ शिमो, कोणाला तुझं वाईट करायचं नाही. झाडीतल्या जुन्या जागेवर जायचं, दोरीच्या अलीकडून माफी मागायची, आणि सगळ्यांसमोर सांगायचं की तुम्ही दोघी आठव्यावरूनच परतलात. वर कोणीच गेलं नाही. बास. लोकांचं समाधान होईल."

"पण आम्ही गेलो होतो," शिमो म्हणाली.

"ते आता सोड."

"तुम्ही तर तिथेच होता, कारभारी."

सेइएमोन यांच्या कपाळाची शीर उठली. "मी काही पाहिलं नाही."

"बरं," शिमो म्हणाली. "मग मला एक सांगा. तेन्पोच्या दुष्काळात काय झालं होतं? मी लहान होते. माझ्या माहेरी लोकांनी झाडांच्या साली उकडून खाल्ल्या. माझे दोन भाऊ गेले. त्या वर्षी डोंगरावर कोण बाई चढली होती?"

शिमोने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

"एकही नाही. दोरी जागच्या जागी होती. सगळे पुरुष वर जाऊन शुद्ध होऊन आले होते. तरी आभाळ कोपलं. तेव्हा तुम्ही कोणाला माफी मागायला लावलीत?"

"तोंड सांभाळ, शिमो."

"तोंडच तेवढं राहिलंय सांभाळायला. पीक तुमचं गेलं तसं माझंही गेलं. मी माफी मागणार नाही आणि खोटंही बोलणार नाही." ती उठली आणि बाहेर पडली. मी घाईघाईने तिच्या मागे गेले, तर माझे पाय मुंगळे चढल्यासारखे झिणझिणत होते आणि उंबऱ्यात मी सपशेल आडवी झाले. शिमोने मला उचललं. "ऊठ," ती म्हणाली. "आज पडायचं नाही."

त्या वर्षी माकडाचं साल म्हणून गावोगाव दगड उभे राहिले. आमच्या गावानेही वेशीवर एक मोठा उभारला, त्यावर जथ्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं. शिमो तो बघून आली आणि तिने मागावर एक नवा ताका चढवला. महिनाभर ती त्यावर राबली. असं रेशीम मी तिच्या हातचंही पुन्हा पाहिलं नाही. तो ताका काखेत मारून ती शेजारच्या खोऱ्यातल्या उहेई पाथरवटाकडे गेली आणि बदल्यात दगड घेऊन आली. कमरेइतका उंच, एका बाजूने घोटलेला. त्यावर कोरलं होतं, मानएन पहिलं वर्ष, माकडाचं, शिखरापर्यंत, शिमो, नुई.

माझं नाव बघून मला धडकी भरली. "जाऊबाई, माझं कशाला घातलंत?"

"तू उडत गेली होतीस का? चालत आली होतीस ना?"

आमच्याच तुतीच्या शेताच्या कडेला, यात्रेच्या वाटेवर तिने आणि काकुझो भावोजींनी दगड रोवला. जाणारे-येणारे थांबून वाचायला लागले. कारभाऱ्यांनी दोन वेळा निरोप पाठवला, काढून टाका. शिमोने दोन्ही वेळा निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग दुसऱ्या वसंतात कोंबड्याचं वर्ष लागलं, आणि कोंबड्याच्या त्या वर्षी सालाचं नाव बदलायचं अशी दरबारची जुनी चाल. मानएन गेलं, बुनक्यू आलं. दहा हजार वर्षं लांबत जायचं होतं ते नाव, एक वर्षही धड पुरलं नाही.

त्याच दुपारी सेइएमोन स्वतः आमच्या दारात आले. शिमो मागावरच होती.

"मानएन संपलं, शिमो," ते म्हणाले.

"ऐकलं."

"वाईट साल होतं. लोकांना त्याची आठवणसुद्धा नको आहे. परवानगी त्या सालापुरती होती. साल गेलं, गोष्ट गेली. आता तो दगड काढायला हरकत नसावी."

शिमोने धोटा हातात धरून ठेवला. "कारभारी, तुमचा मुलगा कोणत्या साली जन्मला?"

"काएई. का?"

"काएई संपून किती वर्षं झाली! मग मुलगाही गेला का?"

सेइएमोन जे वळले ते तडक गेले, आणि दोन दिवसांनी गावच्या तरुणांनी दगड ओढ्यात लोटून दिला. त्यांच्यात माझा नवरा होता. काकुझो भावोजी आणि शिमोने बैल लावून तो बाहेर काढला आणि पुन्हा रोवला. पुन्हा पाडला. पुन्हा रोवला. तिसऱ्या वेळी त्याचा एक कोपरा उडाला. तेव्हा शिमोने दगड गाडीवर घातला आणि सरळ घरात आणला, मातीच्या ओसरीत, आपल्या मागाशेजारी उभा केला. सगळी गल्ली दारात गोळा झाली होती. तिने बाहेर येऊन सांगितलं, "वाट गावाची असेल. घर माझं आहे. इथे ज्याला दगड पाडायचा असेल त्याने माझ्या सासूबाईंना विचारून आत यावं."

आता सासूबाई मुळात या सगळ्याच्या विरोधात. म्हातारी कोपऱ्यातून उठली, काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि जमलेल्या तोंडांवरून नजर फिरवली. स्वतःचा मुलगा तोकुजी तिला त्यांत दिसला.

"चिखलाचे पाय घेऊन कोणी माझ्या घरात यायचं नाही," ती म्हणाली. "आणि तोकुजी, तू आधी पाय धू आणि मग आत ये. तुझ्या बायकोचं नाव आहे त्याच्यावर. तुझ्या बापाचं नाव कुठल्या दगडावर आहे का?"

त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने तो दगड पुसायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तोकुजीने काही दिवस घुम्म राहून पाहिलं, मग त्याचाही कंटाळा आला. एका संध्याकाळी त्याने मला हळूच विचारलं, "विवर खरंच एवढं खोल आहे का गं?" मला हसू आलं. ते एक वर्ष सोडलं तर तो दरवर्षी वर जायचा, पण धुक्यामुळे त्याला कधीच नीट दिसलं नव्हतं.

वर्षं गेली. बुनक्यू गेलं, त्यानंतरची नावंही आली तशी गेली. झाडीत दोरी पुन्हा बांधली गेली होती. सासूबाई गेल्या, काकुझो भावोजीही छातीच्या दुखण्याने गेले. एदोचं सरकार पडलं, एदोचं नावही बदललं, आणि मेईजी सुरू झालं. मेईजीच्या पाचव्या वर्षी वरून हुकूम आला की देवाच्या डोंगरांवर बायकांना मनाई नाही. कुठल्याच सालात नाही, कुठल्याच टप्प्यावर नाही.

तोवर कारभार सेइएमोन यांच्या मुलाकडे आला होता, सेइजिरो त्याचं नाव. केस कापलेले, डोक्यावर गोल विलायती टोपी. त्याने समारंभ ठरवला. शहरातल्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या दोन मुली येणार, नव्या युगातल्या पहिल्या स्त्रिया म्हणून डोंगर चढणार, गाव टाळ्या वाजवणार. आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला. "काकू, उद्या तेवढं ते जुनं काही काढू नका," तो गोड आवाजात म्हणाला. "पाहुणे येणार आहेत. पहिल्यांदाच होतंय हे."

"पहिल्यांदा?" शिमो म्हणाली, आणि एवढंच म्हणाली. मी ओळखलं की उद्या काहीतरी होणार.

समारंभाच्या सकाळी गावच्या वेशीवर कापड टांगलं होतं, दारूची पिंपं ठेवली होती. व्यापाऱ्याच्या मुली पालखीतून उतरत होत्या. सेइजिरोने भाषण सुरू केलं. तेवढ्यात गल्लीतून गाडीची कुरकूर ऐकू आली. पंचेचाळिशीची शिमो गाडी ओढत होती, मागून मी आणि तोकुजी ढकलत होतो, आणि गाडीवर तो कोपरा उडालेला दगड.

सेइजिरो टोपी सावरत पुढे धावला. "काकू, मी सांगितलं होतं!"

"पहिल्या कशा?" शिमो म्हणाली. तिचा आवाज अजून तसाच होता. "वाचता येतं ना तुला? वाच."

त्याने वाचलं. मग जमलेल्यांकडे पाहून हसला. "मानएन! या मुलींना विचारा, असं साल होतं हेही त्यांना माहीत नसेल. ज्याला त्याला दगडावर काहीही कोरून घेता येतं. कोणी पाहिलं होतं तुम्हाला वर?"

गर्दी कुजबुजायला लागली. काकुझो भावोजी असते तर बोलले असते. जथ्यातले बाकीचे पुरुष चपलांकडे बघत होते. मी तोंड उघडणार, पण माझं नाव तर दगडावरच होतं, माझी साक्ष कोण धरणार?

"मी पाहिलं होतं."

मागच्या बाकावर बसलेले म्हातारे सेइएमोन उभे राहिले होते. त्यांना आता नीट उभं राहता येत नसे.

"बाबा, तुम्ही बसा," सेइजिरो म्हणाला.

"बसतो. आधी बोलू दे." ते शिमोकडे बघत नव्हते, दगडाकडे बघत होते. "या दोघी विवराच्या काठावर उभ्या होत्या. मी पाहिलं आणि पाठ फिरवली. हा दगड ओढ्यात टाकायला पोरं मीच पाठवली होती. खोटं असतं तर मी कशाला पाडला असता? खोटा दगड आपोआप हसण्यावारी जातो. हा खरा होता म्हणून मला सहन झाला नाही."

मग ते बाकावर बसले.

शिमो म्हणाली, "एवढं बोलायला बारा वर्षं लावलीत, कारभारी."

"हो," सेइएमोन म्हणाले. "तू माफ करावंस असं मी म्हणत नाही."

"मी करतही नाही." तिने गाडीचा दांडा खाली ठेवला. "पण दगड उतरवायला माणसं लागतील. तेव्हा पोरं पाठवली होती ना? आता पुन्हा पाठवा."

पाडायला गेलेल्यांतलेच चौघे-पाच जण पुढे आले, आता तेही पोराबाळांचे बाप झाले होते. दगड तुतीच्या शेताच्या कडेला, पहिल्याच खड्ड्यात उभा राहिला. व्यापाऱ्याची धाकटी मुलगी तिथे आली आणि शिमोला विचारायला लागली की वर थंडी किती असते, चपला किती न्याव्यात. शिमोने तिला आपल्या हातच्या दोन जोड्या दिल्या. भाषण तसंच अर्धवट राहिलं. दारू मात्र पूर्ण संपली.

त्या मुलींबरोबर वर जायला शिमोला बोलावलं होतं. तिने नाही म्हटलं. "टाळ्या वाजवायला लोक आले की मला दम लागतो," असं तिने कळवलं. आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात, ऊन बघून निघालो. झाडीच्या तोंडाशी एक पोरसवदा मुलगी वाट बघत उभी होती. पांढरे कपडे, नवी काठी, नव्या चपला. सेइएमोन यांच्या थोरल्या लेकीची मुलगी, ताझु.

"आजोबांनी पाठवलंय," ती म्हणाली. "म्हणाले, डोंगर चढायचा तर शिमोकाकूंच्या मागूनच चढ."

शिमोने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, परत पाठवते की काय.

"चपला फार घट्ट बांधल्यायस," ती म्हणाली. "चौथ्या टप्प्यावर फोड येतील. सोड आणि पुन्हा बांध."

ताझु खाली बसून दोऱ्या सोडायला लागली. शिमो तिच्यासाठी थांबली नाही. ती पुढे निघाली, आणि वळणावरून तिचा आवाज आला, "आणि रडायचं असेल तर चालता चालता रडायचं. बसून नाही!"

पोरगी धावत सुटली. मीही कपड्याचा घोळ खोचला आणि त्या दोघींच्या मागे लागले.